मंच पाहिजे की पान?

हल्ली आपल्यातल्या कुणाचं पहिलं पुस्तक निघायचं ठरलं की घरात लग्न निघाल्यासारखी धावपळ सुरू होते. हॉल बघा. बॅनर करा. शाली आणा. नारळ नको, आपण बौद्ध आहोत, म्हणून गुलाबाची फुलं आणा. पाहुणे ठरवा, पाहुण्यांची गाडी ठरवा, गाडीत कोण बसणार त्यावरून भांडा. या लग्नात नवरदेव कोण? लेखक? छे. नवरदेव प्रमुख पाहुणा. लेखक म्हणजे मुलीचा बाप. हात जोडून दारात उभा. हुंडा त्यानंच दिलाय, जेवण त्याचंच, आणि ‘काही कमीजास्त झालं तर सांभाळून घ्या’ हेही त्यानंच म्हणायचं.

आणि पुस्तक? ते रंगीत कागदात गुंडाळून टेबलावर पडलेलं असतं. मंचावरच्या एकानंही वाचलेलं नसतं.

गंमत म्हणून लिहीत नाही. आमच्या सूतगिरणीत, आमच्याच पाळीत, रिंग फ्रेमवर एक दोस्त काम करतो. वय अठ्ठावीस. दहावी, तीही बाहेरून. चार वर्षं रातपाळी करून, दिवसाची झोप मोडून, त्यानं शंभर पानी वह्यांवर एक कादंबरी लिहिली. पहिलीच. येत्या काही आठवड्यांत ती छापायला जाणार. त्याचं नाव इथं सांगत नाही, कारण सवाल त्याच्या एकट्याचा नाही. आज जो जो आपल्यातला पोरगा नाहीतर पोरगी पहिली कादंबरी घेऊन प्रकाशनाच्या दारात उभी आहे, त्या सगळ्यांचा आहे.

कादंबरीत एकोणीस प्रकरणं आहेत. अकरावं प्रकरण एका ठेकेदाराचं. हा ठेकेदार आपलाच. आपल्याच वस्तीतला, आपल्याच जातीचा. गावोगावची पोरंपोरी गिरणीत आणून लावतो, डोईमागं पगारातनं आपला वाटा काढतो, फंडाचे पैसे कापले म्हणून सांगतो आणि भरत नाही. वायंडिंग खात्यातल्या पोरीची दोन बोटं मशीनमध्ये जातात तेव्हा मालकाच्या वतीनं तिच्या आईपुढं अंगठ्यासाठी कागद धरणारा हाच. आणि १४ एप्रिलला जयंतीच्या मंचावर पहिला हारही हाच घालणार. कादंबरीचा कणा म्हणजे हे प्रकरण. ते काढलं तर उरेल ती एका गरीब पोरीची दुःखभरी कहाणी. वाचायची, डोळे पुसायचे, चहा प्यायचा.

प्रकाशनाची तयारी सुरू झाली आणि तीन दिशांनी एकच निरोप आला: अकरावं प्रकरण काढ.

पहिली कात्री प्रस्तावनेची

एका बड्या समीक्षकांकडं दोस्तानं हस्तलिखित दिलं. आठ महिने ते तिथंच पडून होतं. मग त्यांनी घरी बोलावलं, चहा पाजला (कपातच पाजला, एवढी प्रगती झालीय) आणि सांगितलं, ‘तुमच्यात ताकद आहे हो. पण अकराव्या प्रकरणात शिव्या फार. तिथं कलात्मक अलिप्तता सुटते. ते काढा. शेवटी शब्दार्थ जोडा. आणि खरं सांगू का, हे सगळं तुमच्या घरचंच असणार. कादंबरीचा आडोसा कशाला? सरळ आत्मकथन करा, आम्ही उचलून धरू.’

या चार वाक्यांत मराठी साहित्याची सगळी जातव्यवस्था बसलीय. एकेक सोलून बघू.

शब्दार्थ जोडा म्हणे. शाळेच्या पुस्तकात सोवळं आलं, पळी-पंचपात्री आली, तुळशीवृंदावन आलं, मुंज आली. आमच्या वस्तीत यातली एकही चीज नव्हती. आम्हाला कुणी पाठीमागं शब्दार्थ जोडून दिले होते का? गपगुमान समजून घेतलं, परीक्षेत लिहिलं, नापास झालो तर छड्या खाल्ल्या. आता तराळकी, येसकर, डॉफर, बदलीवाला हे शब्द आले की यांना अर्थ लागत नाही. अर्थ लागत नसेल तर आमच्या वस्तीत या, गिरणीच्या गेटवर या, विचारा.

आणि तसं विचारणारा माणूस मराठीत होऊन गेलाय, म्हणून हे बोलता येतं. १९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला. पहिलाच संग्रह. त्याला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना होती. तेंडुलकरांनी भाषा सांभाळा म्हणून सांगितलं नाही. ते नामदेवबरोबर त्या वस्तीत रात्री फिरले, जे शब्द कळले नाहीत ते कळले नाहीत म्हणून कबूल केलं, आणि मग लिहिलं. प्रस्तावना लिहायची तर अशी लिहावी: लेखकाच्या मुलखात स्वतः चालत जाऊन. आपल्या माडीवर हस्तलिखित मागवून घेऊन त्यावर शिक्का मारणं म्हणजे प्रस्तावना नव्हे, तो जातपडताळणीचा दाखला. अर्जदाराचं दुःख तपासलं, अस्सल आढळलं, सबब प्रमाणित करण्यात येत आहे. असा दाखला कॉलेजच्या प्रवेशाला लागतो, नोकरीला लागतो. कादंबरीला कशापायी?

आता आत्मकथनाचा सल्ला. हा सगळ्यात विषारी, कारण तो कौतुकाच्या साखरेत घोळून येतो. १९७८ ला दया पवारांचं ‘बलुतं’ आलं, १९८० ला लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’, १९८७ ला लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’. यातले गायकवाड तर आपल्यासारखेच, लातूरच्या सूतगिरणीत राबलेले. या पुस्तकांनी मराठी वाचकाची झोप उडवली. ते काम मोठंच झालं, त्याला कोण नाही म्हणतंय? पण तेव्हापासून प्रस्थापितांनी एक सोयीचा नियम काढला: दलित लेखक म्हणजे साक्षीदार. साक्षीदारानं पिंजऱ्यात उभं राहून घडलेलं सांगायचं. कल्पना करायची नाही. माणसं घडवायची नाहीत. शेवट बदलायचा नाही. कल्पना ही त्यांची मिरास आणि अनुभव हे आमचं बलुतं!

असं असतं तर ‘फकिरा’ झाला असता का? अण्णा भाऊंनी १९५९ साली नायक उभा केला तो रडणारा नव्हता, इंग्रजाचा खजिना लुटून गावाला जगवणारा होता. आणि ती कादंबरी त्यांनी अर्पण कुणाला केली? कुठल्या मंत्र्याला नाही, कुठल्या मठाधिपती समीक्षकाला नाही. बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला. बाबुराव बागुलांचा पहिला संग्रह ‘जेव्हा मी जात चोरली होती’ १९६३ चा. तिथं एकेक माणूस असा उभा राहतो की वाचणाऱ्याच्या अंगावर येतो. बागुलांना कुणी विचारलं का, हे तुमच्या घरी कुठल्या तारखेला घडलं म्हणून? कादंबरी लिहिणं म्हणजे आपण समाजाकडं पाहून निष्कर्ष काढू शकतो, व्यवस्थेचा नकाशा काढू शकतो, असं जाहीर करणं. हीच त्यांना खुपणारी गोष्ट आहे. दुःख सांगणारा दलित चालतो. न्यायनिवाडा करणारा दलित चालत नाही.

दुसरी कात्री धंद्याची

प्रकाशक भेटला. त्यानं चाळीस हजार मागितले. बायकोनं बचत गटातून उचलून दिले. तीनशे प्रती निघणार, त्यातल्या शंभर लेखकानं स्वतः खपवायच्या. ‘आयएसबीएन नंबराचे’ वेगळे तीन हजार. वर एक छापील कागद, बारीक अक्षरात, सही कर म्हणून. त्यात सर्व हक्क प्रकाशकाचे. आणि सल्ला? ‘पानं जरा कमी करा, खर्च वाचेल. अकरावं प्रकरण सगळ्यात लांबडं आहे.’

बघा, समीक्षकाला तिथं कला सुटलेली दिसली, आणि याला कागद जास्त लागलेला दिसला. वाटा दोन, मुक्काम एकच.

मित्रांनो, ही लूट अडाणीपणावर चालते, म्हणून माहिती सांगतो. आपल्या देशात आयएसबीएन नंबर सरकारी एजन्सी फुकट देते. एक रुपया लागत नाही. स्वतः पुस्तक काढणारा लेखकही अर्ज करू शकतो. त्याचे कुणी हजार मागत असेल तर ती सरळ खिसेकापू आहे. दुसरं: १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं लिहिणाराच पहिला मालक. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. तोंडी देणं कायद्यात बसत नाही. कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. लेखक जिवंत असेपर्यंत आणि त्याच्यामागं साठ वर्षं हा हक्क चालतो. म्हणजे आज चहा पिता पिता जी सही मारशील, ती तुझ्या नातवाच्या ताटातलं उचलून दुसऱ्याच्या ताटात टाकणारी असू शकते. आपल्या आज्यानं सावकाराच्या कागदावर अंगठा उठवला तेव्हा त्याला वाचता येत नव्हतं. तुला येतं. मग न वाचता सही करायचं कारण काय?

अण्णा भाऊ आधी गिरणीत राबले, मग लिहू लागले. पस्तीसच्या आसपास कादंबऱ्या लिहिल्या. १८ जुलै १९६९ ला गोरेगावात वारले ते हलाखीत. आज त्यांच्या नावानं महामंडळ आहे, पुतळे आहेत, टपालाचं तिकीट आहे. पुस्तकं तेव्हाही विकली जात होती, आजही जातात. मधे पैसा कुठं गेला हे विचारायचं की नाही? पुतळ्याला हार घालणं सोपं आहे. लेखकाचा हिशेब मागणं अवघड आहे. आपण सोपं तेवढं करत आलो.

तिसरी कात्री आपली

ही लिहिताना हात जड होतो, पण लिहिणार.

प्रकाशन समारंभासाठी वस्तीतल्या मंडळानं पुढाकार घेतला. चांगली गोष्ट. प्रमुख पाहुणे म्हणून आपल्याच एका नेत्याचं नाव ठरलं. ते आले की हॉल फुकट, माइक फुकट, दोनशे माणूस हमखास. फक्त एक झालं, त्यांच्या जवळच्या माणसाचा धंदा कामगार पुरवण्याचा निघाला. मग निरोप आला: ‘पुस्तक उत्तम आहे. पण अकराव्या प्रकरणानं समाजाची बदनामी होईल. शत्रूच्या हातात कोलीत कशाला द्यायचं? मनुवादी हसतील.’

मनुवादी हसतील! हे वाक्य आपल्यात आता पोलिसाच्या दंडुक्यासारखं वापरतात. पोरीची बोटं गेली तेव्हा समाजाची बदनामी झाली नाही. फंड बुडाला तेव्हा झाली नाही. ते लिहिलं की होते. म्हणजे चोरी करणारा समाजाचा भूषण आणि चोर म्हणणारा समाजद्रोही. हा न्याय आपण कुठून शिकलो? हा गावच्या पाटलाचा न्याय आहे. जात बदलली, बैठक तीच.

आपल्यातली ही भीती जुनी आहे. १८८३ साली जोतिरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. आपल्याच विचाराच्या ‘दीनबंधू’त त्याची पहिली दोन प्रकरणं आली आणि पुढची छापणं थांबवलं. ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे, म्हणजे ज्यांना आपण गिरणी कामगारांच्या चळवळीचे जनक म्हणतो, ज्यांनी पुढच्याच वर्षी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, ते. एवढा मोठा माणूससुद्धा जिथं कचरला तिथं आजच्या मंडळवाल्यांचं काय? पण जोतिरावांनी काय केलं ते बघा. ते आपल्या माणसावरही गप्प बसले नाहीत. संपादक भ्याला हे त्यांनी लिहून ठेवलं. आणि असूडाचं एक टोकसुद्धा बोथट केलं नाही.

अजून एक कात्री आहे, ती मंचावर दिसत नाही, घरात असते. फलटणच्या बेबीताई कांबळे किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसून, माल बांधायच्या कागदावर लिहीत गेल्या. नवऱ्यापासून, पोरांपासून ते लिखाण वर्षानुवर्षं लपवून ठेवलं. १९८६ ला ‘जिणं आमुचं’ पुस्तक म्हणून आलं तेव्हा त्यांचं निम्म्याहून जास्त आयुष्य सरलं होतं. समता समता म्हणून मंचावर ओरडणाऱ्या चळवळीच्या घराघरात अशा किती वह्या डब्यामागं, गादीखाली पडल्यात? पहिल्या कादंबरीची तयारी करणारी पोरगी असेल तर तिला समीक्षक आणि प्रकाशक भेटायच्या आधी बाप, भाऊ, नवरा भेटतो. त्याच्या हातातली कात्री आधी काढून घ्या. मग बाकीच्यांशी भांडू.

बाबासाहेबांनी काय केलं

‘असं कडक वागून चालत नाही, जरा जुळवून घ्यावं लागतं,’ असं दोस्ताला सगळे सांगताहेत. सांगणाऱ्यांच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे. म्हणून त्यांना १९३६ ची आठवण करून देतो.

लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं बाबासाहेबांना आपल्या परिषदेचं अध्यक्षपद दिलं. केवढा मंच! पंजाबातले नावाजलेले सुधारक, मोठी सभा, देशभर नाव. बाबासाहेबांनी भाषण लिहिलं, छापायला घेतलं. ते मंडळानं आधी वाचलं आणि पोटात गोळा आला. वेदांवर बोलू नका, धर्म सोडण्याचं काढू नका, एवढा भाग गाळा. शब्द वेगळे असतील, पण निरोप तोच: अकरावं प्रकरण काढा. बाबासाहेबांनी कळवलं की एक स्वल्पविरामसुद्धा बदलणार नाही. मंडळानं परिषद रद्द केली. मंच गेला. अध्यक्षपद गेलं. पान राहिलं.

मग बाबासाहेबांनी ते भाषण स्वतःच्या खर्चानं पुस्तक म्हणून काढलं. १५०० प्रती. ना हॉल, ना पाहुणा, ना शाल. दोन महिन्यांत आवृत्ती संपली. आज ‘जातिनिर्मूलन’ ज्या भाषेत मागाल त्या भाषेत मिळतं. लाहोरची ती परिषद भरली असती आणि कापलेलं भाषण टाळ्यांच्या गजरात वाचलं गेलं असतं, तर आज आपल्या हातात काय असतं? टाळ्या जपून ठेवता येत नाहीत.

आणखी एक गोष्ट. १९३७ साली दुसरी आवृत्ती आली. तिला प्रस्तावनेसाठी बाबासाहेबांनी कुणाची स्तुती मागितली नाही. गांधींनी ‘हरिजन’मध्ये जी टीका केली होती ती आख्खी आपल्या पुस्तकात छापली आणि खाली आपलं उत्तर दिलं. विरोधकाला आपल्याच पानावर उभं करून झोडायचं, ही हिंमत. आपण मात्र मलपृष्ठावर ‘दाहक’, ‘प्रांजळ’, ‘अंतर्मुख करणारे’ हे तीन शब्द छापून मिळावेत म्हणून वर्षभर उंबरे झिजवतो.

कुणी म्हणेल, बाबासाहेब बॅरिस्टर होते, त्यांना परवडलं. तर १९५६ बघा. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ छापायला वीस हजारांच्या आसपास खर्च येत होता आणि तेवढा पैसा त्यांच्याजवळ नव्हता. सप्टेंबर महिन्यात त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिलं: बुद्धजयंतीचं वर्ष आहे, सरकारनं पाचशे प्रती विकत घ्याव्यात, ग्रंथालयांना आणि पाहुण्या विद्वानांना द्याव्यात. नेहरूंनी जमत नाही म्हणून कळवलं. ज्यानं देशाला संविधान लिहून दिलं त्याच्या पुस्तकाच्या पाचशे प्रती देशाला घेता आल्या नाहीत! यातून आपण दोन गोष्टी शिकायच्या. एक, पुस्तकासाठी सरकारकडं मागण्यात लाज नाही. सरकारचा पैसा आपला आहे. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी अनुदान योजना आहे, तिथं ताठ मानेनं अर्ज करा. दोन, बाबासाहेबांनी मागितलं, पण बदल्यात एक ओळ देऊ केली नाही. मागणं वेगळं आणि विकणं वेगळं.

६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ १९५७ ला सिद्धार्थ कॉलेजनं काढलं. त्याच्या आधी जोतिरावांचंही असंच झालं. पक्षाघातानं उजवा हात गेल्यावर डाव्या हातानं लिहिलेलं ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ १८९१ ला निघालं, ते वारल्यानंतर. त्यांचं ‘तृतीय रत्न’ नाटक १८५५ चं, दक्षिणा प्राइज कमिटीनं नाकारलेलं. ते छापून लोकांपुढं यायला १९७९ साल उजाडलं. म्हणजे आपल्या दोन्ही बापांना आपापल्या शेवटच्या पुस्तकाचं प्रकाशन डोळ्यांनी बघायला मिळालं नाही. समारंभ नव्हता म्हणून त्या पुस्तकांचं काही अडलं का? आणि आपण हॉल मिळावा म्हणून प्रकरण कापणार?

मग करायचं काय

नुसती शिवीगाळ करून पळून जाणाऱ्यातले आम्ही नाही. पहिली कादंबरी घेऊन निघालेल्या प्रत्येकापुढं आणि प्रत्येक कार्यकर्त्यापुढं आमचं म्हणणं मांडतो.

१. छापायच्या आधी पुस्तक त्या माणसांपुढं वाचा ज्यांच्याबद्दल ते आहे. गिरणीच्या गेटवर, वस्तीच्या विहारात, बायांच्या बैठकीत. चुकलं असेल तर ते सांगतील, आणि त्यांचं ऐकून बदललं तर ती कापाकापी नाही, ती दुरुस्ती. बोट गेलेल्या बाईनं ‘हे असं नव्हतं’ म्हटलं तर ओळ बदला. ठेकेदारानं म्हटलं तर बदलू नका.

२. प्रस्तावना लागलीच तर अशा माणसाची घ्या ज्यानं आपल्या पायानं वस्तीत येऊन विचारलं. नाहीतर लेखकानं स्वतःचं दोन पानी मनोगत लिहावं. तेवढं पुरतं.

३. करार वाचल्याशिवाय सही नाही. हक्क लेखकाचा, मुदत लिहिलेली, किती प्रती छापल्या आणि किती खपल्या त्याचा हिशेब वर्षातून एकदा लेखी. वाचता न आल्यास आपल्या वकील पोरांनी फुकट वाचून द्यावा. एवढे वकील चळवळीनं घडवले ते कशासाठी?

४. १९५४ च्या कायद्यानं प्रकाशकानं पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि कायद्यानं ठरवलेल्या इतर ग्रंथालयांना एकेक प्रत द्यायची असते. ती दिली का, पोच मागा. उद्या आपलं पुस्तक नव्हतंच असं कुणी म्हणू नये.

५. प्रकाशन हॉलमध्येच व्हावं असं कुठल्या स्मृतीत लिहिलंय? पाळी सुटल्यावर गेटवर करा. पुस्तक कुणाच्या हातात द्यायचं? वायंडिंग खात्यातल्या बाईच्या. तिला दोन शब्द बोलू द्या. नाही बोलली तरी चालेल.

६. आणि आता तुम्ही, कार्यकर्ते. लेखकाकडं फुकट प्रत मागणं आजपासून बंद. ‘भेट द्या ना, प्रचार करतो’ म्हणणारा माणूस भाजीवालीला असं म्हणतो का? एका वस्तीत जयंतीच्या रात्री डीजेच्या भिंतीवर जेवढा पैसा जातो तेवढ्यात एका कादंबरीची आवृत्ती निघते. पन्नास जणांनी आधी पैसे भरून नाव नोंदवलं तर दोस्ताला बचत गटाचं कर्ज काढायची पाळी येत नाही.

कुणी विचारेल, नाव नाही, पाहुणा नाही, मग खपणार कुठं? ६ डिसेंबरला दादरला चैत्यभूमीकडं जाणाऱ्या रस्त्यावर उभं राहून बघा. अशोक विजयादशमीला नागपूरला दीक्षाभूमीवर बघा. शिळी भाकरी फडक्यात बांधून आलेली बाई परतीच्या भाड्याचे पैसे बाजूला काढते आणि उरलेल्यात पुस्तक घेते. स्वतःला वाचता येत नाही, नातवासाठी घेते. उद्घाटक नसलेलं, अध्यक्षाची निवडणूक नसलेलं, मानपानाचं भांडण नसलेलं असं साहित्य संमेलन दुसरं कुठलं आहे? तिथं कुणी प्रस्तावना कुणाची ते विचारत नाही. आत काय आहे ते विचारतात. त्या बाईच्या पिशवीत कापलेलं पुस्तक घालायचं पाप आपण करायचं का?

साच्यावर धागा तुटला की आम्ही साचा चालू ठेवून बोटानं जोडतो. एवढं काम गिरणीतल्या पोराला येतं. पण मधला वीतभर धागा कुणी कापून नेला तर जोडणार कशाला? कादंबरीचंही तेच आहे.

दोस्ताला आमचं जाहीर सांगणं आहे. एकोणीसच्या एकोणीस प्रकरणं छाप. पाहुणा रुसला, रुसू दे. समीक्षकानं दाखला दिला नाही, न देऊ दे. प्रकाशकानं अंग काढलं तर वह्या घेऊन आमच्याकडं ये, पाळीतली पोरं वर्गणी काढतील. समाजाची बदनामी झाली म्हणून कुणी मारायला उठला तर तुझ्यापुढं आम्ही उभे राहू.

आणि वाचकहो, तुम्हाला एकच सवाल. पुस्तक निघेल तेव्हा अकरावं प्रकरण आत आहे की नाही, ते उघडून बघणार आहात का? की मंचावर कोण कोण होतं तेवढंच विचारणार?

जयभीम.